हिवाळ्यात बर्फ बघायला जायचंय? मग ठिकाण सगळ्यात शेवटी ठरवा

घरात 'यंदा बर्फ बघायला जाऊ या' असं निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला: मनाली की काश्मीर? मग मुलांच्या सुट्ट्या बघून तारखा काढल्या जातात, त्या नेमक्या नाताळच्या आठवड्यात पडतात, आणि एवढे पैसे घालून मॉल रोडवरच्या गर्दीत, समोरच्या करड्या डोंगराकडे बघत 'भैया, बरफ किधर मिलेगा?' असं विचारायची पाळी येते. हिमालयातला बर्फ तारीख आणि उंची बघून पडतो, गावाचं नाव त्याच्या खिजगणतीतही नसतं. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी काय बघायचंय, मग सोबत कोण आहे, मग कधी जमतंय, आणि ही तिन्ही उत्तरं हातात आली की कुठे.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्यांसाठी आहे. परदेशाचं थोडं पुढे येईल.

पायरी १: बर्फ म्हणजे नक्की काय हवंय?

'बर्फ बघायचाय' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या सहली असतात.

पहिली, बर्फ पडताना बघायची. सगळ्यांच्या मनात हीच असते आणि सगळ्यात बेभरवशाचीही हीच. त्यासाठी बर्फ पडू शकेल अशा उंचीवर सलग तीन-चार रात्री मुक्काम लागतो. पडला तर आनंदच, पण त्याच्यासोबत बंद रस्ते, गेलेली वीज आणि रद्द झालेलं विमानही येतं. हे सगळं हसत घेणारी मंडळी असतील तरच या वाटेला जावं.

दुसरी, पडलेल्या बर्फात खेळायची. गोळे करायचे, घसरगुंडी करायची, फोटो काढायचे, गरम मॅगी खायची आणि संध्याकाळी उबदार खोलीत परत यायचं. याची जवळजवळ खात्री देता येते, कारण पुरेसं उंच गेलं की काम होतं. एप्रिल-मेमध्येसुद्धा.

तिसरी, नुसती थंडी. जाड रजई, शेकोटी, सकाळचं कोवळं ऊन आणि लांबवर हिमशिखरांची रांग. घरातल्या मोठ्यांना मोकळेपणाने विचारलंत तर निम्म्या जणांना हेच हवं असतं, बर्फ मुलांना हवा असतो. आणि एवढंच हवं असेल तर हिमालय गाठायलाच पाहिजे असं नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की वेण्णा लेकच्या काठावर पहाटे दवबिंदू गोठलेले दिसतात. नंदुरबारकडचं तोरणमाळ आणि अमरावतीचं चिखलदरा इथेही त्या दिवसांत हुडहुडी भरते. दोन रात्री, घरची गाडी, वर स्ट्रॉबेरीचा हंगाम. लाखभर रुपये वाचतात हे वेगळं सांगायला नको. थोडं लांब जायची तयारी असेल तर उटी (साधारण २२४० मीटर) आणि माउंट अबू इथेही जानेवारीत गवतावर पांढरं दहिवर धरतं.

पुढचं सगळं पहिल्या दोन प्रकारांसाठी आहे.

पायरी २: सोबत कोण आहे?

थंडीचा त्रास वाटतो तेवढा होत नाही. खरा त्रास घसरण्याचा आणि विरळ हवेचा. दुपारी उन्हाने वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर काचेसारखं गोठतं आणि सकाळी दिसतही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी बर्फात खेळणार नसतातच, पण हॉटेलच्या दारापासून गाडीपर्यंतची वीस पावलंही त्यांना जड जातात. असं कोणी सोबत असेल तर गाडी दारापर्यंत येते असंच हॉटेल बघा. बुटांना खालून बांधायचे रबरी खिळेपट्टे मिळतात, ते घेऊन ठेवा. स्वस्त असतात आणि मोठं दुखणं वाचवतात.

उंचीचं म्हणाल तर २५०० मीटरच्या वर काही जणांना डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं असा त्रास सुरू होऊ शकतो. मनाली, श्रीनगर, शिमला ही गावं त्याच्या खाली आहेत, त्यामुळे मुक्कामाला हरकत नाही. लेह ३५०० मीटरवर आहे आणि तिथे विमान थेट नेऊन ठेवतं, म्हणून पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, फिरणं नाही. रक्तदाब, हृदयविकार, दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना 'थंडीत जातोय' एवढंच न सांगता नेमकी किती उंची, किती वेळ हे सांगून विचारावं. थंडीने रक्तदाब वाढतो, गोळ्यांचं प्रमाण त्यांना कदाचित बदलायचं असेल.

पायरी ३: उंचीचं साधं गणित

दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली गाव २०५० मीटरवर आहे, मनालीहून डोंगरापलीकडे जाणाऱ्या अटल बोगद्याचं तोंड तीन हजार मीटरच्या जरा वर. गावात दुपारी ६ अंश असतील तर बोगद्याशी शून्याच्या आसपास. म्हणजे त्याच ढगातून गावात पाऊस आणि वर बर्फ. 'काल मनालीत बर्फ पडला' ही बातमी बऱ्याचदा गावाच्या वरच्या सोलंगची किंवा बोगद्यापाशची असते, मॉल रोडची नसते. ठिकाणाची चौकशी करताना गावाचं नाव न विचारता मुक्कामाची आणि फिरायच्या जागेची उंची विचारा. कोणत्याही नकाशाच्या ॲपवर ती दिसते.

दुसरं, हा बर्फ येतो कुठून. आपला पाऊस आणतो तो मान्सून, हिमालयातला हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. हिंदी बातम्यांत 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात ते हेच. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून काश्मीरवर धडकतात आणि पूर्वेकडे जाता जाता त्यांचा जोर कमी होतो. म्हणून काश्मीर आणि हिमाचलात हिवाळ्यात भरपूर बर्फ, उत्तराखंडात त्याहून कमी, आणि सिक्कीममध्ये हिवाळा बराचसा कोरडा, निरभ्र.

बर्फ रोज पडत नाही. एक झंझावात आला की एक-दोन दिवस धुमाकूळ, मग काही दिवस लख्ख ऊन, मग पुढचा. दोन झंझावातांच्या मधल्या उन्हात तुम्ही चार दिवस जाऊन आलात तर आभाळातून एक कणही पडणार नाही. त्यात हॉटेलवाल्याचा काही दोष नाही.

पायरी ४: कधी?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात आणि इथेच वाया जातात, म्हणून महिन्यांचं जरा सविस्तर.

दिवाळीची सुट्टी, म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा मध्य. उन्हाळ्याखालोखाल राज्य मंडळाच्या शाळांना हीच मोठी सुट्टी असते, त्यामुळे बरीच मराठी कुटुंबं याच दिवसांत निघतात. खेळण्याएवढा बर्फ या काळात मिळेल असं धरू नका. पण पाऊस संपून हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि शिखरं सकाळ-संध्याकाळ उघडी असतात. कुमाऊंमधल्या कौसानीहून त्रिशूळ आणि नंदादेवी, मुन्सियारीहून पंचाचुली, दार्जिलिंगहून कांचनजंगा बघायचा याहून चांगला काळ नाही. काश्मीरात चिनार लाल होतात तेही ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला. दिवाळीला जायचं असेल तर बर्फाचा नाद सोडून शिखरांसाठी जा.

डिसेंबरचे पहिले वीस दिवस थंड, शांत आणि स्वस्त असतात. बर्फ मिळाला तर मिळाला.

२१ डिसेंबर ते २ जानेवारी. माझं सरळ मत आहे की दुसरी कुठलीही तारीख जमत असेल तर हे दिवस टाळावेत. हॉटेलचे दर दुपटीच्या पुढे जातात, वर ३१ तारखेच्या 'गाला डिनर'चे पैसे अनेक ठिकाणी सक्तीने घेतात. बर्फ पडला नाही तर निराशा आणि पडला तर कोंडी. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या परिसरात अचानक बर्फ झाला, गाड्या घसरायला लागल्या आणि पोलिसांना हजारो पर्यटकांना तिथून बाहेर काढावं लागलं. नाताळला जायचंच असेल तर मुक्काम तीनच्या जागी एकाच गावात करा आणि बर्फाच्या ठिकाणी भल्या पहाटे पोहोचून दुपारी बाराच्या आत परत फिरा.

जानेवारी. काश्मीरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलां' असतो, सर्वात कडाक्याचा काळ. त्यानंतर वीस दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि दहा दिवसांचा 'चिल्लई बच्चा'. या चाळीस दिवसांत नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो. बर्फ पडण्याची शक्यता वाढत जाते, पण याच दिवसांत उत्तर भारतात दाट धुकं असतं आणि दिल्लीची सकाळची विमानं रखडतात.

जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीअखेर. निवड माझ्या हातात असेल तर मी याच दिवसांत जाईन. आधीच्या झंझावातांचा बर्फ साठलेला असतो, नवा पडण्याची शक्यता चांगली असते, धुकं ओसरलेलं असतं, दिवस थोडे मोठे होतात आणि नाताळच्या मानाने गर्दी कमी. दहावी-बारावीचं मूल घरात असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि महाशिवरात्र यांना शनिवार-रविवार कसे लागून येतात ते कॅलेंडरवर आत्ताच बघून ठेवा. बर्फ अलीकडे उशिरा येतो हेही लक्षात घ्या. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग बहुतेक महिना कोरडं होतं, बर्फ आला तो महिनाअखेर. २०२५ मध्ये तर फेब्रुवारीअखेर गुलमर्गला होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या.

मार्च. गुलमर्गच्या वरच्या उतारांवर भरपूर बर्फ आणि अंगावर ऊन. लहान मुलांना हे सगळ्यात सोसवतं. मार्चच्या उत्तरार्धात श्रीनगरची ट्युलिप बाग उघडते, त्यामुळे एकाच सहलीत फुलं आणि बर्फ दोन्ही साधतात. बाग साधारण महिनाभरच फुललेली असते, उघडण्याची तारीख दर वर्षी वेगळी.

एप्रिल-मे. वार्षिक परीक्षा संपल्यावर निघणाऱ्यांनी निराश होऊ नये. गुलमर्गच्या गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा, रस्ता खुला झाल्यावर रोहतांग (३९७८ मीटर), उत्तर सिक्कीमचा झिरो पॉइंट इथे पडलेला बर्फ मिळतो. रोहतांगला गाड्यांची संख्या मर्यादित असते, ऑनलाइन परवाना काढावा लागतो आणि मंगळवारी दुरुस्तीसाठी रस्ता बंद ठेवतात. मंगळवार मनालीत घालवायचा बेत करा.

पायरी ५: आता कुठे

काश्मीर. बर्फाची सर्वात जास्त खात्री इथे, त्यातही गुलमर्गला. गाव २६५० मीटरवर, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३९५० मीटर. खाली हिरवळ असली तरी दुसऱ्या टप्प्यावर बर्फ सापडतो. मात्र वारा सुटला किंवा हिमस्खलनाची भीती असली की तो बंद ठेवतात, आणि वयस्कर किंवा हृदयविकाराच्या माणसांनी तिथे जाऊही नये. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधी काढायची. गर्दीच्या दिवसांची भराभर संपतात आणि मग दलालांचा सुकाळ होतो.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर आहे, म्हणून बहुतेक पॅकेजवाले एका दिवसात नेऊन आणतात. माझा आग्रह असा की निदान दोन रात्री गुलमर्गला किंवा खाली तंगमर्गला काढा. श्रीनगर १६०० मीटरच्या आतबाहेर आहे, तिथे बर्फ पडेलच असं नाही, गुलमर्गला रात्रीत पडलेला बर्फ सकाळी दारात असतो. तंगमर्गच्या पुढे बर्फाच्या दिवसांत तुमची गाडी सोडत नाहीत, चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीत बसावं लागतं. पहलगामलाही आरू, बेताब व्हॅली, चंदनवाडीसाठी तिथल्याच युनियनची टॅक्सी. हा खर्च पॅकेजमध्ये बहुधा नसतो, आधीच विचारून घ्या, नाहीतर पहलगामच्या टॅक्सी स्टँडवर हुज्जत घालण्यात सकाळ जाते. सोनमर्ग पूर्वी हिवाळ्यात तुटायचं. जानेवारी २०२५ मध्ये साडेसहा किलोमीटरचा बोगदा सुरू झाल्यापासून ते बाराही महिने गाठता येतं.

दोन गोष्टी विसरू नका. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत. सोबतच्या निदान एकाकडे पोस्टपेड असू द्या. आणि एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर अनेक पर्यटनस्थळं बंद करून नंतर ती टप्प्याटप्प्याने उघडली गेली. तुमच्या यादीतली जागा आज खुली आहे का, हे श्रीनगरच्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारणं सगळ्यात सोपं.

मनाली. पोहोचायला स्वस्त, तरुणांना आवडणारं आणि पर्याय भरपूर. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाल्यापासून इथलं चित्रच बदललं. पूर्वी हिवाळ्यात सोलंगच्या पुढे जाता येत नसे, आता पलीकडच्या सिस्सू गावाला साधारण तास-सव्वा तासात पोहोचतात, आणि ते तीन हजार मीटरच्या वर असल्याने तिथे बर्फ टिकतो. फक्त ताजा बर्फ पडला की पोलीस गाड्या अलीकडेच अडवतात आणि फोर बाय फोरनाच सोडतात, कधी त्यांनाही नाही. म्हणून मनालीत किमान तीन रात्री ठेवा, एक दिवस अडकला तरी दुसरा हाताशी राहतो.

मनालीहून निघाल्यावर रस्त्याच्या कडेला बर्फाचे पोशाख भाड्याने देणारी दुकानं लागतात. प्रत्येकाला नंबर असतो, आणि तुमचा ड्रायव्हर ठरावीक नंबरपाशीच थांबतो. आत दोऱ्यांवर रंगीबेरंगी अंगभर सूट टांगलेले असतात, आधीच्या माणसाच्या घामाने किंवा बर्फाने कॉलर ओलसर असते आणि चेन अर्ध्यात अडकते. घाई करू नका. गुडघ्यापाशी शिवण उसवलेली नाही ना बघा, गमबुटात हात घालून आतून कोरडा आहे का ते चाचपा, दर सगळ्यांचा मिळून ठरवा. मोजे मात्र घरचेच, जाड आणि एक जोड जास्तीचा. परक्या ओल्या बुटात ओला मोजा घेऊन फिरलं की दहा मिनिटांत पायाची बोटं बधिर होतात आणि मग मुलं रडायला लागतात.

जाता जाता एक गंमत. मनालीजवळच्या गौशाल आणि आसपासच्या गावांत मकर संक्रांतीपासून ४२ दिवस शांतता पाळतात. देव स्वर्गात गेलेले असतात म्हणून मोठ्याने गाणी नाहीत, टीव्ही नाही, शेतकाम नाही. बोगद्यापलीकडे लाहौलमध्येही याच सुमारास सण असतात आणि काही गावं तेवढे दिवस पर्यटकांना येऊ नका म्हणतात. सिस्सूचा बेत असेल तर तारीख सांगून चौकशी करा.

शिमला. आजी-आजोबांना सोपं. कालका-शिमला गाडी ९६ किलोमीटरचा घाट शंभराहून जास्त बोगद्यांतून चढते आणि तोच निम्मा आनंद आहे. गाव २२०० मीटरवर असल्याने बर्फाचा भरवसा नाही, तो नारकंड्याला (२७०० मीटर) जास्त. कुफ्रीतली घोडी आणि चिखल मला कधीच रुचला नाही.

औली. उतार सुंदर, समोर नंदादेवी, पण हृषीकेशहून जोशीमठपर्यंतच अडीचशे किलोमीटर डोंगरी रस्ता, म्हणजे पूर्ण दिवस. जोशीमठला जमीन खचल्यामुळे तिथून औलीला जाणारा रोपवे जानेवारी २०२३ पासून बंद ठेवावा लागला, तेव्हा रस्त्याने जायचं धरूनच आखणी करा. पहिल्यांदाच बर्फ बघणाऱ्या कुटुंबाने इतकी दगदग करू नये असं मला वाटतं. स्कीइंग शिकायची हौस असणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी गुलमर्ग आणि मनालीतल्या सरकारी संस्थांचे दोन आठवड्यांचे वर्गही बघावेत, जानेवारी ते मार्च या काळात ते चालतात.

सिक्कीम. गंगटोक १६५० मीटर, तिथे बर्फ नाही. त्सोम्गो सरोवर (३७५० मीटर) आणि नाथू ला (४३१० मीटर) इथे जानेवारी ते मार्च मिळतो. नाथू लाला परवाना लागतो आणि सोमवार-मंगळवार बंद. उत्तर सिक्कीमच्या रस्त्यांचं ऑक्टोबर २०२३ च्या पुरात मोठं नुकसान झालं, लाचुंगचा बेत करताना रस्त्याची ताजी स्थिती विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

लडाख हिवाळ्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांनी करू नये. उणे पंधरा-वीस अंश, बरीचशी हॉटेलं बंद, नळाला पाणी नाही, आणि हवा कोरडी असल्यामुळे थंडीच्या मानाने बर्फ कमी. गोठलेल्या झंस्कार नदीवर चालायचं असेल किंवा हिमबिबट्या बघायचा असेल तरच.

परदेश म्हणाल तर कझाकस्तानचं अल्माटी सध्या मराठी मंडळींत बरंच चालतं. भारतीयांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि शहरालगतच्या शिम्बुलाकला केबल कारने तीन हजार मीटरच्या वर जाता येतं. आणि मेमध्ये युरोप करणार असाल तर वेगळी बर्फाची सहल कशाला? टिटलिस तीन हजार मीटरवर, युंगफ्राउयोख साडेतीन हजारांच्या जवळ, दोन्हीकडे बारमाही बर्फ असतो.

पायरी ६: दिवसांची मांडणी

सहा रात्री आणि पाच गावं, असं पॅकेज हिवाळ्यात घेऊ नका. एक रस्ता बंद झाला की पुढची सगळी माळ तुटते. दोन मुक्काम पुरेत, त्यातला लांबचा बर्फाच्या उंचीवर. बर्फाचं ठिकाण सहलीच्या सुरुवातीला ठेवा, अखेरीस ठेवलंत आणि अडकलात तर विमान चुकतं. शेवटची रात्र विमानतळ किंवा रेल्वे स्टेशन असलेल्या शहरात.

विमानाचं जोडतिकीट असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. श्रीनगर-दिल्ली एका कंपनीचं आणि दिल्ली-पुणे दुसऱ्या कंपनीचं घेतलं, पहिलं बर्फामुळे उशिरा सुटलं, तर दुसऱ्याचे पैसे गेलेच समजा. जानेवारीत दिल्लीहून सकाळी आठचं स्वस्त विमान घेण्यापेक्षा दुपारचं घ्यावं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. पुण्याहून जम्मूला झेलम एक्सप्रेस आहे, पण धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास रखडतात, तेव्हा पोहोचल्या दिवशी पुढचा प्रवास लावू नका. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत धावते. श्रीनगरचं विमान रद्द आणि महामार्ग बंद अशा दिवशी परतीचा तो चांगला मार्ग आहे, हे ध्यानात असू द्या.

पायरी ७: हॉटेलला स्वतः फोन

संकेतस्थळावरचे फोटो मेमधले असतात. पैसे भरण्यापूर्वी एक फोन करा, बोलणं साधारण असं होतं:

"रूम में हीटर है?"
"है सर, सब कुछ है."
"किराए में है या अलग से?"
"वो… पर नाइट एक्स्ट्रा लगेगा, सर."

हा 'वो…' ऐकण्यासाठीच फोन करायचा. मग पुढचं विचारा. रात्री वीज गेली तर जनरेटरवर हीटर चालतो का? (बहुधा फक्त दिवे चालतात.) काश्मीरात पलंगावर इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का? ते असलं की हीटर नसला तरी झोप लागते. हिमाचलात खोलीत लाकडाचा तंदूर असेल तर धुराडं नीट बाहेर काढलंय का? बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर रात्रभर पेटवून झोपणं जिवावर बेततं, कोणी आणून दिली तरी नको म्हणा. गरम पाणी किती ते किती? बर्फ पडल्यावर गाडी दारापर्यंत येते का? आणि रस्ता बंद झाल्यामुळे पोहोचलो नाही तर पैसे परत की पुढची तारीख? हे शेवटचं उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा.

पायरी ८: कपडे

एक भलंमोठं जाकीट घेण्यापेक्षा तीन थर: आत अंगाला चिकटून बसणारं थर्मल, मध्ये लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. थर्मलच्या आत सुती बनियन घालू नका, घामाने ते ओलं राहतं आणि गारठा तिथूनच लागतो. जीन्सही बर्फात नको, त्याच कारणाने. हातमोजे पाणी न शिरणारे, कारण लोकरीच्या हातमोज्यांनी मुलं दोनच गोळे करतात आणि मग हात पुढे करून उभी राहतात. माकडटोपीला हसू नये, कान झाकणारं तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. गॉगल हवाच, बर्फावरून येणारं ऊन डोळ्यांना त्रास देतं. ओठांना आणि गालांना व्हॅसलीन. मोबाइलची बॅटरी थंडीत झरझर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

निघण्याआधीचा आठवडा

पाच-सहा दिवस आधीपासून हवामान विभागाच्या श्रीनगर किंवा शिमला केंद्राचा अंदाज रोज बघा. झंझावात येणार असेल तर त्याची चाहूल इतके दिवस आधी लागते. तो तुमच्या मुक्कामाच्या मधल्या दिवसांत येत असेल तर नशीबवान आहात: त्या दिवशी खोलीच्या खिडकीतून आणि अंगणातून बर्फ बघा, गाडी बाहेर काढू नका, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं की लवकर निघा. तो प्रवासाच्याच दिवशी येत असेल आणि ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर चंदीगड किंवा जम्मूला एक रात्र जास्त काढायची तयारी ठेवा. तिथून पुढच्या टॅक्सीचे पूर्ण पैसे आधी देऊन बसू नका. रस्ता खुला आहे का हे ट्रॅव्हल एजंटला विचारण्यापेक्षा त्या जिल्ह्याच्या पोलिसांच्या समाजमाध्यमांवरच्या पानावर बघा, तिथे सकाळ-संध्याकाळ ताजी माहिती येते.

औषधं मोजून दिवसांची न घेता दोन-तीन दिवसांची जास्त घ्या आणि ती मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा. त्याच पिशवीत भाकरवडी, लाडू, पाण्याची बाटली, पॉवर बँक, आणि थोडी रोख रक्कम. बर्फात वीज गेली की यूपीआय चालत नाही, एटीएमही नाही.